दरवही: पाकीट तेच, वजन वेगळं

धाकट्याने दरवहीत, म्हणजे किराण्याचे भाव टिपायच्या आमच्या वहीत, स्वतःहून पहिली नोंद केली! मागच्या वेळी लिहिलं होतं, की रिकामं पाकीट कचऱ्यात टाकण्याआधी त्यावरचं निव्वळ वजन मोठ्याने वाचायचं काम त्याच्याकडे दिलंय. त्याने ते इतकं मनावर घेतलं की जुनी पाकिटं पुसून खोक्यात साठवायला लागला. परवा नेहमीच्या बिस्किटांची दोन पाकिटं त्याने टेबलावर शेजारी शेजारी सपाट करून ठेवली. रंग तोच, चित्र तेच, किंमत तीच, लांबीसुद्धा तीच. मागच्या जोडाखाली, जिथे कागद दुमडतो तिथे, बारीक अक्षरांत एकावर १०० ग्रॅम आणि दुसऱ्यावर ८८. "आई, बारा ग्रॅम कुठे गेले?" असं विचारून तो पेन्सिल शोधायला गेला.

कंपन्या भाव वाढवण्याऐवजी वजन उतरवतात हे आपल्याला ठाऊक असतंच. पण घरातल्या सगळ्यात लहान माणसाने ते पुराव्यासकट पकडलं, म्हणून मी हवेत आहे. त्या संध्याकाळी थोरलीने कपाटातलं एकेक पाकीट काढून उलटंपालटं करून पाहिलं. नवरा इतके दिवस 'पाकिटाचा भाव' लिहायचा आणि ती 'किलोचा भाव'. दोन रकाने म्हणून दोन तट पडले होते. आता पाकिटाचा रकाना कायमचा बंद. बारा टक्के माल कमी झाला, तर तोच भाव खरं म्हणजे साडेतेरा टक्क्यांहून जास्त वाढलेला असतो. थोरलीने हे गणित करून दाखवल्यावर नवऱ्याने स्वतःच त्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

आणि तिथूनच खरी डोकेदुखी सुरू झाली, जिच्यात आम्ही अजून अडकलोय: सगळ्यांना एकच एकक लावायचं कसं?

पहिला अडसर तेल. बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं, तेल किलोवर तोलायचं. थोरली लिटरवर अडून बसली, कारण पिशवीवर लिटर छापलेलं असतं. काही पिशव्यांवर लिटर असतं आणि काहींवर किलो, आणि दोन्ही पिशव्या दिसायला सारख्याच. शेवटी वाद वजनकाट्यावर नेला. मापाचा जग ठेवला, काटा शून्यावर आणला आणि एक लिटर तेल ओतलं. आकडा चढत चढत ९१५च्या आसपास थांबला. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे लिटरभर तेल किलोभर कधीच भरत नाही. उलट किलोच्या पिशवीत लिटरच्या पिशवीपेक्षा नव्वदेक मिलिलिटर तेल जास्त येतं. बाबा त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ठीक आहे, लिटरचा भाव ०.९१५ने भागा, झाला किलोचा." वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर हा आकडा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलाय. याआधी ते खरेदीच्या बाबतीत फक्त "पिशव्या मी धरतो" एवढंच म्हणायचे, त्यामुळे हा विजय मी जपून ठेवणार आहे.

काट्याबद्दल इथेच सांगते. बटणं आणि आकडा समोरच्या पट्टीवर असलेला सपाट काटा घ्या. आकडा भांड्याखाली झाकला जाणारे काटे दिसायला देखणे असतात, पण मोठं पातेलं ठेवलं की काही वाचता येत नाही. पाकिटावरचा बारकोड वाचून भाव नोंदवणारी दोन-तीन ॲप वापरून झाली. मुलांच्या हातात फोन गेला की नोंद बाजूला राहते, आणि बाबांना ते नकोच असतं. वही, पेन्सिल आणि दोऱ्याला बांधलेला खोडरबर, यावर माझा आता पूर्ण विश्वास आहे.

तेल सुटलं तर आइस्क्रीम आलं. ते लिटरमध्ये विकतात आणि त्यात हवा घोटलेली असते, स्वस्त प्रकारांत तर पुष्कळच. आमचा लिटरचा डबा रिकाम्या डब्याचं वजन वजा करून जेमतेम अर्धा किलो भरला. शेजारचा 'महागडा' छोटा डबा किलोच्या हिशोबात बराच जवळ आला. थोरलीने त्यासाठी वेगळं पान उघडलंय, आणि हे पान तिचं एकटीचं आहे असं जाहीरही केलंय.

मग डबाबंद उकडलेलं कडधान्य. डब्यावर ४०० ग्रॅम, पण खाली बारीक ओळीत निथळलेलं वजन २४०. बाकी सगळं पाणी. आम्ही १०० ग्रॅम कोरडं कडधान्य रात्री भिजवलं, सकाळी शिजवून निथळलं, तर तेही २४०च्या जवळपास गेलं. म्हणजे अख्खा डबा साधारण शंभर ग्रॅम कोरडा माल. इथे नवऱ्याने रास्त मुद्दा काढला: शिजवायला लागणारं इंधन कुठे धरलं? त्यावर जेवण होईपर्यंत चर्चा झाली. ते दरात मिसळायचं नाही, एकदम जास्त शिजवून फ्रीजरमध्ये भाग करून ठेवायचे, असं ठरलं. माझ्या मते इंधन धरूनही कोरडंच जिंकतं. पण दमून घरी आल्यावर डबा उघडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

शेंगांमधले मटार तर याच्याही पुढे. सोलल्यावर दाणे शेंगांच्या निम्म्याहूनही कमी भरले. त्यामुळे गोठवलेल्या दाण्यांचा भाव शेंगांच्या भावाशी थेट ताडून चालणार नाही. यावरून आता वहीत तिसरा रकाना आलाय, 'ताटातला भाव': साल, टरफल, पाणी, हवा सगळं गेल्यावर जे पोटात जातं त्याचा दर. हा रकाना भरायला वेळ लागतो, मान्य. म्हणून तो फक्त पहिल्यांदा भरायचा. पुढच्या वेळी प्रमाण तेच, भाव बदलला की नुसता गुणाकार.

दुकानातली वाटणीही बदलली आहे. ज्यात नफा जास्त असा माल डोळ्यांच्या उंचीवर मांडतात, म्हणून धाकट्याकडे सगळ्यात खालची फळी आणि नवऱ्याकडे सगळ्यात वरची. बाबांकडे आता टोपली आहे, आणि ट्रॉली आम्ही सोडली. ती १९३७ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने आणली. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्याने हेरलं होतं. आम्हाला तेच थांबणं हवंय. बाबांचा हात भरला की ते सरळ पैसे द्यायच्या रांगेकडे निघतात, आणि त्यांच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत होत नाही. मोठा साठा भरायचा तेव्हा अर्थात हे चालणार नाही, त्याचं वेगळं बघू.

हे लिहिताना एक सुचलं. वही स्वयंपाकघरात, आणि भाव बघायची गरज दुकानात. दर वेळी पान शोधण्यापेक्षा प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतून चिकटपट्टी लावून त्यावर 'याच्या वर घ्यायचं नाही' असा दर लिहिला तर? डबा रिकामा झाला की पट्टी काढायची आणि यादीच्या कागदावरच चिकटवायची. दुकानात ती हातात असेल, आणि नवा भाव कमी मिळाला तर नवी पट्टी. पट्टी लिहायचं काम ज्याने डबा संपवला त्याचं. मग संपलेला डबा गुपचूप फळीवर परत ठेवायची सवयही सुटेल. आधी झाकणंच करते, तेल, साखर आणि पिठापासून.

कपडे धुण्याची पूड आणि द्रव यांचं मात्र अजून जुळत नाही. किलो आणि लिटर दोन्ही इथे निरुपयोगी, 'किती धुण्यांना पुरतं' हाच खरा हिशोब. पण पाकिटावर छापलेली धुणी कंपनीच्या मापाने असतात, आणि प्रत्येक कंपनीचं माप निराळं. धाकटा म्हणतो, टोपण न वापरता आपण चमचा ठरवू. थोरली म्हणते, पाणी किती क्षारांचं आहे त्यावरही अवलंबून आहे. दोघंही बरोबर आहेत आणि रकाना रिकामा आहे. कुणी घरच्या मोजमापाने पूड आणि द्रव एका ओळीत आणले असतील, तर पद्धत लिहा. शनिवारी काटा पुन्हा बाहेर काढणारच आहोत.