फ्लॅट स्वस्त आहे, पण का?

आज परत तो फ्लॅट बघायला गेले होते, म्हणजे आत नाही गेले, एजंटला न सांगता मुद्दाम रात्री जाऊन बिल्डिंग आणि आजूबाजूचा सगळा एरिया पायी फिरून आले. घरात जवळजवळ ठरल्यातच जमा आहे की घेऊन टाकू, कारण शहरात एवढ्या जागेचा फ्लॅट या भावात मिळतच नाही. आणि मला पण तो मनापासून आवडलाय, सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत येतं, हवा खेळती आहे. पण एवढा स्वस्त का, हे कोणी धड सांगत नाही तोवर माझ्या जिवाला चैन नाही.

एजंट म्हणतो, "ताई, मालकाला घाई आहे." असेलही. भावंडांत वाटण्या असतात, कोणी परदेशी जातं, कोणाच्या डोक्यावर कर्ज असतं. अशी कारणं मला चालतील, कारण ती विकणाऱ्यासोबतच निघून जातात. भिंतीत, कागदात किंवा रस्त्यात असलेली कारणं मात्र तिथेच राहतात, ती रोज आपण भोगायची आणि पुढे कधी विकायची वेळ आली की तेव्हाही भाव पाडूनच द्यायचं. सध्या मी प्रत्येक गोष्ट याच एका प्रश्नावर घासून बघतेय.

परवा दिवसा गेलो तेव्हा सगळ्या घराला जुना रंग आणि मागच्या बेडरूमच्या एकाच भिंतीला नवाकोरा, तिथेच मनात पाल चुकचुकली. टॉर्च मारून कपाटाच्या मागे बघितलं तर खाली लोणा फुटलाय, पांढरी भुकटी बोटाला लागते. ओल म्हणजे जगबुडी नाही, पण पाणी कुठून येतंय ते कळायला हवं, नुसता रंग मारून ती जात नाही. मला जास्त काळजी बाथरूमच्या छताला गेलेल्या तड्याची वाटते. गिलाव्याचे साधे तडे बारीक आणि वेडेवाकडे असतात, हा मात्र सरळ रेषेत गेलाय आणि कडेला तपकिरी डाग. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो, म्हणून तडा सळईच्या रेषेने जातो. काठीने ठोकून बघितलं तर तेवढ्याच भागात पोकळ वाजतं. आणि असं काही निघालं की ते एकट्या आपल्या घराचं दुखणं राहत नाही, वरच्या माणसाने त्याचं बाथरूम उघडू द्यायला हवं, सगळ्यांनी पैसे काढायला हवेत, ते काढतात का, मेंटेनन्स किती जणांचा थकलाय, हे कोण सांगणार!

रात्रीचा आवाज. जिन्याच्या खिडकीत उभी राहिले, खालून जड गाड्या गिअर बदलत चढावर जातात, मोबाईलच्या अॅपवर साठ डेसिबलच्या आसपास आकडा. अॅप काही अचूक नसतं, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी ज्या शिफारशी केल्या त्यात रस्त्याचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ च्या आत असावा असं म्हटलंय, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट जाणवतं. एजंट दाखवतो तेव्हा खिडक्या बंद असतात. मागच्या खोलीत झोपायचं, हा एक मार्ग आहे.

एरियाबद्दल मात्र माझं मत पार बदललं. नातेवाईक म्हणतात तो भाग बदनाम आहे. मी गेले तेव्हा रस्त्यावर दिवे होते, बायका कोपऱ्यावर गप्पा मारत उभ्या होत्या, मुली एकट्या क्लासवरून येत होत्या. तळमजल्यावरच्या आजींनी आत बोलावलं. पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मोठ्या पावसात पार्किंगमध्ये घोट्याएवढं येतं, मग ओसरतं." त्यांनी सांगितल्यावर लक्षात आलं की विजेचे मीटर भिंतीवर मुद्दाम उंच बसवलेत. खरं सांगणारं माणूस भेटलं याचंच बरं वाटलं. आणि इथली जुनी माणसं सोडून जात नाहीत म्हणे.

अकेरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरून दाखवलं होतं की मालाची खरी अवस्था विकणाऱ्यालाच माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा भीतीपोटी कमीच भाव देतो, मग चांगल्या मालालाही पडता भाव. मला वाटतं इथे थोडं तसंच झालंय. एरियाच्या नावामुळे जेवढा भाव पडलाय तो आपला फायदा, स्लॅबमुळे जेवढा पडलाय तो आपला खर्च. हे दोन वेगळे करता आले पाहिजेत.

कर्ज नको असलं तरी बँकेत अर्ज करून बघायचा असं मी ठरवलंय, त्यांचा वकील कागद तपासतो, आणि त्यांनी नाही म्हटलं तर उद्या आपल्याकडून घेणाऱ्यालाही कर्ज मिळणार नाही हे आजच कळेल. नवरा म्हणतो टोकन देऊन ठेवू, नाहीतर दुसरा कोणीतरी उचलेल. उचलू दे. इंजिनिअर स्लॅब बघून जाईपर्यंत आणि कागद तपासून होईपर्यंत एक पैसा द्यायचा नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय. बिल्डिंगवाले दुरुस्तीला तयार असतील तर त्या रस्त्याच्या आवाजासकट मला ते घर हवंय, नसतील तर अजून कितीही स्वस्त केलं तरी नको.