शेवटून पहिली

नागपूरच्या अंबाझरी तलावावर मुलांना शिडाच्या होड्या शिकवताना माझा निम्मा जीव वाऱ्यात आणि निम्मा स्टॉपवॉचमध्ये असतो. त्या हिवाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी तर आकडेमोडच अंगावर आली. सगळ्या होड्या एका जातीच्या असत्या, तर जो आधी आला तो जिंकला, विषय संपला. पण रेसला उतरल्या तीन होड्या आणि तिन्ही वेगळ्या. एका लेसरवर सतरा वर्षांचा दांडगा पोरगा, एका एन्टरप्राइजवर दोघांची जोडी आणि एका ऑप्टिमिस्टमध्ये तेरा वर्षांची पोर. ऑप्टिमिस्ट म्हणजे जेमतेम २.३ मीटरचा चपट्या तोंडाचा डबा. लेसर जवळपास दुप्पट लांब, शीडही दुपटीहून मोठं.

म्हणून मी पोर्ट्समथ यार्डस्टिक लावलं. ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन क्लबांकडून रेसचे निकाल मागवते आणि त्यावरून प्रत्येक जातीच्या होडीला एक नंबर ठरवते. होडी जितकी हळू, तितका नंबर मोठा. लागलेले सेकंद गुणिले हजार, भागिले नंबर. ज्याचं उत्तर सगळ्यात कमी, तो पहिला. रेसच्या आधीच फळ्यावर गोल आकडे लिहून ठेवले: लेसर ११००, एन्टरप्राइज ११२०, ऑप्टिमिस्ट १६४०. मुलांनी माना डोलावल्या. माना डोलावणं आणि कळणं यात बरंच पाणी असतं.

सकाळी वारा नावालाच. लेसर ४४ मिनिटांत दोन फेऱ्या मारून आली, पोरगा काठावर येऊन हात उंचावून मोकळा झाला. मागोमाग एन्टरप्राइज, ४५ मिनिटं ४४ सेकंद. ऑप्टिमिस्ट अजून दूरच्या बोयापाशी, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेपाशी. सुकाणूला जलपर्णी अडकली होती. पोर एका हातानं ती ओढून काढत होती, मग तेलाच्या कापलेल्या डब्यानं पाणी उपसत होती. लोक चहाकडे वळले. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा उठला, शीड भरलं आणि ती ६४ मिनिटं ४० सेकंदांनी रेषेवर आली.

फळ्यावर हिशेब मांडला. लेसर २६४० सेकंदांचे २४००. एन्टरप्राइज २४५०. ऑप्टिमिस्ट ३८८० सेकंदांचे २३६६. पोर चौतीस सेकंदांनी पहिली.

"सर, ती तर मागून येऊन राहिली होती न! पहिली कशी?" लेसरवाल्यानं विचारलं. एका पालकानं लगेच फोडणी दिली, "कॅल्क्युलेटरवर जिंकली म्हणा ना."

पालकांकडे मी लक्ष दिलं नाही. तो नंबर काही कुणी मेहेरबानीनं दिलेला नसतो. पण पोरगा थांबला नाही. "शेवटच्या वीस मिनिटांत वारा वाढला सर. तो वारा मला भेटलाच नाही. मी तर तेव्हा काठावर उभा होतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. नंबर होडीचा असतो, वाऱ्याचा नाही. सगळ्यांना सारखाच वारा मिळाला असं धरूनच तो हिशेब चालतो. आणि अंबाझरीवर हिवाळ्यात सकाळचा वारा दर दहा मिनिटांनी मूड बदलतो. निकाल मी बदलला नाही. नियम आधी सांगितलेला, तो पाळायचा. पण दुपारी पाठलागाची रेस घेऊ म्हटलं. यात हळू होडी आधी सुटते आणि वेगवान होडी नंबरांच्या हिशेबानं मागून. ऑप्टिमिस्टला साठ मिनिटं द्यायची, तर लेसरला निघायला जवळपास वीस मिनिटं थांबावं लागतं. एन्टरप्राइज तिच्या थोडी आधी. साठाव्या मिनिटाला शिटी, तेव्हा जो सगळ्यांत पुढे तो जिंकला. नंतर कॅल्क्युलेटर काढायची गरजच नाही.

पोर एकटीच सुटली. पाणी आरशासारखं, शीड लटकलेलं. ती मला लांबूनही वैतागलेली दिसत होती. एन्टरप्राइज आणि लेसर सुटल्या आणि त्यांच्यासोबतच वाराही आला. दोघींनी तिला शेवटच्या दहा मिनिटांत गाठलं, शिटीला एन्टरप्राइज पुढे होती. दिवसभर एक शब्दही न बोललेली ती जोडी बक्षीस घेऊन गेली.

पोर ओल्या लाइफ जॅकेटसकट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, पहिली वीस मिनिटं मी बिनवाऱ्याची बसून राहिली होती. त्याचं काय?"

बाजूला लेसरवाला दात काढून हसत होता. मी वहीत वाऱ्यासाठी एक वेगळा रकाना आखायला घेतला.