दादाचा फझी

शनिवार, रात्री उशिरा

रव्या चहा पिता पिता म्हणाला, "हा म्हणजे दादाचा फझी." सगळे हसले. रव्याचं सोडा, वहिनीसुद्धा हसली. तेच लागलं.

फझी म्हणजे जुन्या अमेरिकन काउबॉय पिक्चरांतला हिरोचा विनोदी जोडीदार. ते पिक्चर त्यांना लावून दिले मीच. पीआरसी नावाच्या कंपनीचे, तासाभराचे, चार पैशांत उरकलेले. दिग्दर्शक सॅम न्यूफिल्ड एकटाच, पण नावं तीन लावायचा, म्हणजे लोकांना वाटावं कंपनीत बरीच माणसं आहेत. हिरो बिली द किड तर पिक्चरात सोन्यासारखा माणूस. खून कुणीतरी दुसराच करतो, आळ याच्यावर. आणि मागे तो फझी, विस्कटलेली दाढी, हॅट पुढून वर वळवलेली. घोड्यावर बसायला जातो आणि धप्पकन खाली.

मी असा दिसतो? दादाच्या लग्नात मांडववाल्याशी भांडलो मी, अल्बममध्ये माझा अर्धा कान. आईची औषधं, बँक, गॅसवाला. बाबा असते तर... जाऊ दे.

पण वहिनी का हसली?

खरा बिली म्हणजे अमेरिकेतला गुन्हेगार, त्याचंही तेच. त्याचा जोडीदार टॉम ओफोलियार्ड 1880 च्या डिसेंबरात, त्यांच्या मागावर असलेल्या पॅट गॅरेटच्या माणसांच्या गोळीने गेला, बिली पुढच्या जुलैत. म्हणजे गोळी खायलाही जोडीदारच आधी. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला थडग्याच्या एकाच दगडावर दोघांची नावं आहेत, तिसरा जोडीदार चार्ली बौड्रचंही. टॉमसाठी वेगळा दगड कोण घालणार?

मग पडल्या पडल्या आठवलं. 1940 मध्ये पिक्चरातला बिली होता बॉब स्टील. पुढच्याच वर्षी तो बाहेर पडला, बस्टर क्रॅब आला, 1932 च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण मिळवलेला गडी. 1943 मध्ये बिलीचं आडनावसुद्धा बदलून कार्सन केलं. नंतर दुसराच हिरो, लॅश लारू, आला चाबूक घेऊन. फझी मात्र तोच, अल सेंट जॉन, मूकपटांच्या काळापासून आपटून आपटून हाडं पक्की झालेला. जर्मनीत तर पिक्चरच्या नावातच फझी, हिरो गेला उडत! एकटाच हसलो अंधारात. वहिनीही बहुतेक अशीच हसली असेल. बहुतेक.

आत्ताच दादाचा मेसेज. उद्या गाडी सर्व्हिसिंगला टाकशील का? टाकतो म्हटलं. पण या वेळी पेट्रोलचे पैसे आधी मागितलेत. सेंट जॉन काही फुकट पडत नव्हता.