हमिंगबर्ड ओळख : नर उरकले, आता माद्या

फोटोंवरून हमिंगबर्डच्या जाती ओळखतोय. कोस्टा रिकाच्या फोल्डरमधला सॅन गेरार्दो दे दोता या डोंगरातल्या गावाचा भाग संपत आलाय. मामेभावाने फोटोंसोबत जागा आणि उंची लिहून ठेवली होती, त्याबद्दल त्याला एक जेवण लागू. दोन हजार मीटरच्या वर म्हटलं की त्या देशातल्या पन्नासेक जातींपैकी बहुतेक परस्पर बाद होतात.

रंगाकडे मी आता सगळ्यात शेवटी बघतो. गळ्याची ती झळाळी रंगद्रव्याची नाहीच. पिसांत मेलॅनिनच्या चपट्या कणांचे थर असतात, त्या कणांत हवेचे बुडबुडे, आणि प्रकाश त्यांवरून कोनाप्रमाणे परततो. शिंजीराच्या नरामागे कॅमेरा घेऊन फिरलेल्यांना हे नवं नाही. फायरी-थ्रोटेड हमिंगबर्डच्या लागोपाठच्या दोन फ्रेम आहेत : एकीत गळा केशरी-तांबडा पेटलेला, दुसरीत मान जराशी वळली आणि सगळं काळं. दोन्हींत कायम काय, तर खालच्या चोचीच्या बुडाशी गुलाबी छटा आणि गडद निळी शेपटी. ओळख त्यावरून पक्की केली.

टॅलामांका हमिंगबर्ड सोपा : आकाराने दांडगा, चोच लांब, डोळ्यामागे पांढरा ठिपका. फक्त जुन्या फील्ड गाइडमध्ये तो ‘मॅग्निफिसंट’ या नावाखाली सापडेल. 2017 मध्ये त्याचे दोन भाग झाले, उत्तरेकडचा रिवोलीज आणि हा.

खरा वेळ खाल्ला तो दोन-तीन ग्रॅमच्या चिमुकल्यांनी. त्यांतल्या व्होल्कॅनो हमिंगबर्डच्या नराचा गळा डोंगरागणिक बदलतो : पोआस-बार्वा ज्वालामुखींकडे गुलाबी-लाल, टॅलामांका रांगेत करडा-जांभळा. त्यामुळे नराचं लोकेशन माहीत असलं की झालं. मादीला तो गळाच नाही. शिवाय सिंटिलंट या दुसऱ्या चिमुकल्या जातीची मादीही तशीच, हिरवी पाठ आणि कुशीला तांबूस झाक. सिंटिलंट साधारण खालच्या उंचीवर असते, पण दोताच्या आसपास दोघींच्या हद्दी एकमेकींत घुसतात. मग शेपटी. एका फ्रेममध्ये मादी फुलासमोर ब्रेक मारतेय, शेपटी पूर्ण पसरलेली, आणि मधली पिसं स्वच्छ हिरवी. व्होल्कॅनो! सिंटिलंटची मधली पिसंही तांबूस असती. असा एक फोटो फीडरवरच्या, म्हणजे साखरपाण्याच्या भांड्यावरच्या, शंभर पोझपेक्षा मोलाचा, कारण बसलेल्या पक्ष्याची शेपटी मिटलेली असते आणि वरून काहीच कळत नाही.

माउंटन-जेम या हमिंगबर्डच्या गटातल्या माद्यांबाबत मी हट्ट सोडलाय. पर्पल-थ्रोटेड काय नि व्हाइट-थ्रोटेड काय, दोघींचं पोट दालचिनी रंगाचं आणि डोळ्यामागे पांढरी रेघ. मोंटेवेर्देच्या फोटोंना पर्पल-थ्रोटेड लिहिलं, कारण दुसरी तिकडे नसतेच. बाकीच्या सरळ ‘माउंटन-जेम, मादी’. पक्षी ओळखणारं ॲप ठामपणे एक नाव देतं, पण ते कशावरून हे विचारायची सोय नाही, म्हणून ते धरलेलं नाही.

पुढचं फोल्डर कॅरिबियन बाजूच्या सखल रानातलं, म्हणजे हर्मिट गटातले हमिंगबर्ड. तिथे चोचीचा बाक नीट दिसायला हवा, त्यामुळे समोरून काढलेले फोटो आधीच बाजूला काढलेत. सिंटिलंट मादीचा शेपटी उघडलेला, पाठीकडून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर दाखवा, माझ्याकडे तुलनेला एकही नाही.