आमची वाटचाल : फ्लॉपी वाचली, पुढे काय?

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही ‘कॉम्प्युटर रिपेअरिंग’ असंच लिहिलेलं आहे. काम मात्र बदललंय: जुन्या फ्लॉप्यांवरचा डेटा वाचून काढून देणं. आता टेबलावर येतात त्या जालना-लातूरच्या आडत दुकानांतल्या पट्ट्यांच्या (शेतमाल विक्रीच्या हिशेबांच्या) फ्लॉप्या, पतसंस्थांचे जुने खातेउतारे, छापखान्यांनी छापलेल्या स्मरणिका आणि वाळूज एमआयडीसीतल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनचे प्रोग्रॅम.

सुरुवात यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर झाली. तो साडेतीन इंची १.४४ एमबी आणि बहुतेक वेळा ७२० केबी वाचतो. सव्वापाच इंची त्यात जातच नाही. खराब सेक्टर (डेटाचा छोटा तुकडा) लागला की तो हात वर करतो आणि विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतं. घाईत कुणी ‘हो’ दाबलं की संपलं. म्हणून फ्लॉपी आत घालण्याआधी राइट-प्रोटेक्ट करायचीच. सव्वापाच इंचीला कडेची खाच बंद करावी लागते, साडेतीन इंचीला भोक उघडं ठेवावं लागतं. दोन्हींचं उलट आहे आणि चूक इथेच होते. खाचेवर पारदर्शक सेलोटेप लावू नका, काळी टेप लावा. काही ड्राइव्ह खाच उजेडाने ओळखतात.

पुढे ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड घेतलं. ते सेक्टर मागत नाही. हेडखालून (ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाखालून) जाणाऱ्या चुंबकीय बदलांमधला वेळ जसाच्या तसा नोंदवतं, अर्थ नंतर लावायचा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला एका बाजूला ८० ट्रॅक (डेटाच्या गोल रेषा), दोन बाजू, म्हणजे १६० ट्रॅक. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगाने एक फेरी ०.२ सेकंदाची. प्रत्येक ट्रॅकच्या पाच फेऱ्या घेतल्या तरी एक फ्लॉपी तीनेक मिनिटांत होते. एका फेरीत चुकलेला सेक्टर दुसऱ्या फेरीत सापडतो. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात. यूएसबीच्या वीजेवर तो फिरत नाही, जुना एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा) वेगळा जोडावा लागतो.

सव्वापाच इंचीचे आम्ही ३६० केबी आणि १.२ एमबी असे दोन्ही ड्राइव्ह ठेवतो. १.२ एमबीचं हेड अरुंद. त्यावर कुणी ३६० केबीच्या फ्लॉपीत नव्याने लिहिलं असेल, तर जुन्या ट्रॅकच्या कडा तशाच उरतात आणि ३६० केबीचा ड्राइव्ह नवं-जुनं एकत्र वाचून गोंधळतो. अशी फ्लॉपी १.२ एमबीत, एकाआड एक ट्रॅक सोडून वाचायची.

हे सगळं बुरशी नसेल तर. पावसाळे कपाटात काढलेली फ्लॉपी आधी हाताने फिरवून हेडच्या खिडकीतून बघायची. पांढुरके ठिपके दिसले तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालायची नाही. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या दहा फ्लॉप्यांवर ओरखडे पाडते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला बड आधी मधल्या भोकाजवळ, जिथे डेटा नसतो तिथे, टेकवून बघायचा. बडवर तपकिरी रंग आला तर थांबायचं, कारण तो थर म्हणजेच तुमचा डेटा. मग डिस्टिल्ड वॉटरने पुसायचं. वाचताना किर्र आवाज आला की लगेच बंद, आणि हेडही पुसून घ्यायचं.

शाळांमधून क्वचित बीबीसी मायक्रोच्या फ्लॉप्या निघतात. १९८४ च्या केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पात हे संगणक शाळांना मिळाले होते. त्यांची डेटा लिहिण्याची पद्धत जुनी, एफएम नावाची, सेक्टर २५६ बाइटचे. पीसीचे बरेच कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिप) ते वाचतच नाहीत. ग्रीझवीझलला त्याचं काही वाटत नाही.

फाइल हाती आली की गिऱ्हाइकाला वाटतं, काम झालं. खरं तर निम्मं झालेलं असतं. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकात भारतीय लिप्यांसाठी बसवायचं कार्ड) टाइप केलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असतो (आयएस १३१९४, १९९१). त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने, म्हणून युनिकोड या आजच्या संकेतात रूपांतर सरळ होतं. पण इस्कीची देवनागरी अक्षरं १२८ च्या वरच्या बाइटमध्ये असतात. वर्डस्टार या जुन्या टायपिंग प्रोग्रॅमच्या इंग्रजी फाइलमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट (म्हणजे १२८ ची भर) लावलेला असतो आणि तो काढावाच लागतो. तीच सफाई मराठी फाइलवर चालवली की सगळा मजकूर कचरा. फाइल कोणत्या जातीची, हे आधी हेक्समध्ये (बाइटचे आकडे दाखवणाऱ्या रूपात) डोळ्यांनी बघायचं.

छापखान्यांची फाइल आणखी वाकडी. आकृती, श्रीलिपी वगैरेंचे जुने फॉन्ट अक्षराचा आकार साठवतात, अक्षर नाही. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी फाइलमध्ये ‘स्थ’च्या आधी असते, ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. ‘कीर्ती’चा रफार ‘ती’नंतर येतो, तो पुढे आणायचा. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करून देतात. मराठीच्या अर्ध्या ऱ्याला त्यांच्याकडे जागाच नाही! तो आम्ही हाताने तपासतो.

आडतीचे, सोसायट्यांचे हिशेब बहुधा डीबेस किंवा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये सापडतात. त्यांच्या डीबीएफ फाइलच्या सुरुवातीला नोंदींची संख्या लिहिलेली असते. लाइट जाऊन मशिन बंद पडलं असेल तर ती संख्या कमी राहते आणि शेवटच्या पट्ट्या दिसत नाहीत. फाइलच्या आकारातून सुरुवातीच्या भागाची (हेडरची) लांबी वजा करून नोंदीच्या लांबीने भागलं की खरा आकडा मिळतो. खोडलेल्या नोंदीच्या पहिल्या बाइटवर नुसता तारा असतो. ‘पॅक’ (खोडलेल्या नोंदी कायमच्या काढणं) झालं नसेल तर ती तिथेच असते. तोलाई-हमालीचं गणित मात्र प्रोग्रॅममध्ये असतं आणि तो लिहून देणारा सोर्स (मूळ कोड) क्वचितच सोडून गेलेला असतो. म्हणून प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर जुनं डॉस चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून, त्याची छपाई फाइलमध्ये वळवून काढतो. जलद प्रोसेसरवर फॉक्सप्रो २.६ ‘शून्याने भागाकार’ म्हणत बंद पडतं. तिथे डॉसबॉक्सच्या सायकल्स (वेग) कमी करायच्या.

जुना संगणकच आणलात तर चालू करून बघू नका. ३८६-४८६ च्या बोर्डावरची निळी निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिथल्या तांब्याच्या रेषा खाते; ती आधी कापायची, मग पांढरं व्हिनेगर, मग अल्कोहोल. १५-२० एमबीची जुनी एमएफएम हार्ड डिस्क असेल तर तिचं कंट्रोलर कार्डही आणा, कारण दुसऱ्या मेकच्या कार्डावर ती बहुधा वाचली जात नाही.

वाळूजचं काम वेगळं. तिथे फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह चालणारा गोटेक बसवतो. ५ व्होल्ट आणि ३४ पिनची केबल तीच. पण पीसीचा ड्राइव्ह ३४ व्या पिनवर ‘डिस्क बदलली’ सांगतो आणि बऱ्याच मशिनना तिथे ‘तयार’ हा सिग्नल हवा असतो. ते गोटेकमधल्या फ्लॅशफ्लॉपी या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बदलावं लागतं, नाहीतर मशिन ‘ड्राइव्ह नॉट रेडी’वरच अडतं. काढलेला जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका. त्याचं हेड सरकलेलं असेल, तर त्याने लिहिलेल्या फ्लॉप्या दुसऱ्या कुठल्याच ड्राइव्हमध्ये नीट वाचल्या जात नाहीत, त्याच्यातच वाचल्या जातात. तो फ्लॉप्यांसोबतच पाठवा.