तुम्ही विचारलंत म्हणून : माळकरी माणूस मेंढ्याच्या मागे

"गळ्यात माळ आहे, अंडंसुद्धा खात नाहीस, आणि शिकारीला गेलास?" गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत विचारून झाला, मावसभावाच्या लग्नात विचारून झाला, गावी पारावर तर विचारून झालाच. आळ्यात एकानं सरळ टोमणा मारला, "रेड्याची समाधी असलेल्या गावचा तू, आणि मेंढा मारायला गेलास होय!" जुन्नर तालुक्यातलं आळे आमचं गाव. ज्ञानोबांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे, त्यामुळे टोमणा बरोबर बसला. उडवाउडवीची उत्तरं देऊन मीही कंटाळलो आहे. एकदाच काय ते सांगून टाकतो.

मेंढा मी मारला नाही. माझ्याकडे ना बंदूक होती ना परवाना. मी हमाल म्हणून गेलो होतो.

मी अमेरिकेतल्या कॉलोराडो राज्यात, आर्कान्सा नदीच्या वरच्या खोऱ्यात राहतो. शेजारी एक आजोबा राहतात. लेडव्हिलजवळच्या मॉलिब्डेनमच्या खाणीत त्यांनी इलेक्ट्रिशियनचं काम केलं, आता निवृत्त आहेत. आम्ही इथे नवे होतो तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात आमची गाडी बर्फात रुतली. न बोलता फावडं घेऊन आले, गाडी काढली, आणि मग बर्फावर ब्रेक कसा दाबायचा नाही हे अर्धा तास शिकवत बसले. माझी मुलगी त्यांना डोंगरआजोबा म्हणते. त्याचा अर्थ त्यांना कळल्यापासून ते स्वतःची ओळखही तशीच करून देतात, फक्त 'डोंगर'मधला ड त्यांच्या जिभेवर घसरतो.

या आजोबांनी आयुष्यभर एकाच गोष्टीची वाट पाहिली : बिगहॉर्नच्या नराचा परवाना. बिगहॉर्न म्हणजे रॉकी पर्वतातला रानमेंढा. १९६१ पासून तो कॉलोराडोचा राज्यप्राणी आहे. नराची शिंगं कानामागून वळून गालाजवळ पुढे येतात. अख्ख्या राज्यात हे प्राणी सात हजारांच्या आसपास आहेत, त्यामुळे परवाने मोजकेच निघतात, तेही सोडतीनं. दरवर्षी अर्ज करायचा, फी भरायची, आणि नंबर लागला नाही की एक गुण पदरात पडतो. तीन गुण होईपर्यंत तर पहिल्या पायरीवरच उभं राहायचं. पुढे जमणाऱ्या गुणांनी शक्यता थोडी वाढते, पण वाढते म्हणजे पक्की होत नाही. आपल्याकडे म्हाडाची लॉटरी भरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की घर म्हातारपणी लागलं तर लिफ्टनं वर जाता येतं.

आजोबांनी सत्तावीस वर्षं अर्ज केले. २०२१ साली नंबर लागला तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते, एका खुब्याचा सांधा बदललेला, हृदयात एक स्टेंट. निकालाचा कागद घेऊन ते आमच्या स्वयंपाकघरात आले आणि खुर्चीवर बसून राहिले. आनंद झाला असावा, पण चेहऱ्यावर भीतीच जास्त दिसत होती. म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी लागला असता तर एकटा गेलो असतो. आता मला माणसं मागावी लागणार." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू डोंगरात चालतोस. तू आलास तर बरं होईल."

माझं उत्तर एवढंच आहे. त्यांनी मागितलं. बाकी सगळा तपशील.

हो म्हणायच्या आधी मी आईला फोन केला, हे मात्र कबूल करतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू मारणार का?" "नाही." "खाणार का?" "नाही." "मग म्हाताऱ्याचा गुडघा कसा आहे ते सांग." गुडघा नाही, खुबा, असं मी सांगितल्यावर तिनं मला तिळाचं तेल कोमट करून चोळायचा सल्ला दिला. आजोबांनी तो खरोखर पाळला. सप्टेंबरपर्यंत त्यांच्या घराला तिळाच्या तेलाचा वास येत होता.

आम्ही चौघं सोबत होतो. एक स्कूलबस चालवणारा, ज्याच्याकडे दोन खेचरं होती. आजोबांच्या बायकोची भाची, व्यवसायानं नर्स. खाणीतला त्यांचा जुना सहकारी, ज्याचे डोळे अजून घारीसारखे. आणि मी. कुणीही एक डॉलर घेतला नाही. पैसे घेऊन कुणाला शिकारीवर न्यायचं तर इथे त्याची रीतसर नोंदणी लागते, आणि तसाही विषय कुणी काढला नसता. बंदूक एकट्या आजोबांकडे होती. परवाना ज्याच्या नावाचा, गोळी त्याचीच. दुसऱ्यानं मदत म्हणून झाडली तरी गुन्हा. रायफलनं हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यानं अंगावर ठराविक मापाचा चटकदार नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालायचा हा कायदा आहे, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही हरीण वाटत नाही. आम्हीही नारिंगी घातला. पहाटेच्या उजेडात ओळीनं चढणारी ती भगवी माणसं पाहून मला काय आठवलं असेल ते वारकऱ्यांना सांगायला नको. फक्त टाळ नव्हते, खेचरांच्या नालांचा आवाज होता.

जागा कुठली ते सांगणार नाही. ते मला बजावलेलं आहे.

तळ ११,३०० फुटांवर टाकला. दोन कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर ठेवल्या तरी १०,८०० भरतात. तिथून वर थोड्याच अंतरात झाडं संपतात, मग गवत, मग नुसता घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारे सुटे दगड. आमच्या जुन्नरकडच्या जीवधन किल्ल्याची वाट चढलेल्या माणसाला घसारा नवा नाही. पण जीवधनला छाती अशी रिकामी होत नाही. इथे दहा पावलं टाकली की श्वास मोजायला थांबावं लागतं, तेही माझ्या वयाला.

खरी अडचण मेंढ्याच्या स्वभावात होती. त्याचे डोळे विलक्षण तीक्ष्ण असतात आणि संकट खालून येतं हे त्याला ठाऊक असतं. दुपारी तो एखाद्या कड्याच्या सोंडेवर खुरांनी माती उकरून जागा करतो, बसतो, आणि रवंथ करत खालचं सगळं खोरं बघत राहतो. म्हणून शिकाऱ्यानं त्याच्या वरून यायचं. वाऱ्याचंही गणित तेच सांगतं : पहाटे गार हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन तापलं की ती वर चढू लागते. म्हणजे सकाळी उशिरा, ऊन पडल्यावर, तुम्ही त्याच्या वर असाल तर तुमचा वास त्याच्यापर्यंत जात नाही. तिशीतला शिकारी यासाठी अंधारात निघतो आणि तीन तासांत वरची धार गाठतो. आम्हाला दोन दिवस लागायचे. एक दिवस अर्ध्यापर्यंत, रात्री छोटा तंबू, दुसऱ्या दिवशी धारेवर. एवढ्यात मेंढे भलतीकडे गेलेले असायचे.

निघण्याआधी भाचीनं आम्हा तिघांना बाजूला घेऊन एक नियम घातला होता. ते मागत नाहीत तोवर त्यांना कुणी हात द्यायचा नाही, आणि "थांबूया का?" असं तर अजिबात विचारायचं नाही. त्यांना धाप लागलेली दिसली की आपल्यापैकी कुणाची तरी बुटाची नाडी सुटेल. त्या आठवड्यात आमच्या नाड्या किती वेळा सुटल्या याला गणती नाही. तिसऱ्या दिवशी एका खडकाला टेकून आजोबा म्हणाले, "तुम्हा लोकांना नाडी बांधायला लहानपणी कुणी शिकवलंच नाही का?" खेचरवाला खाली वाकलेलाच होता. तो म्हणाला, "नाही." आणि पुन्हा पहिल्यापासून बांधू लागला.

दुर्बीण लावून बसण्यात जो वेळ जातो तो मला सगळ्यात आवडला, हे खरं. तिपाईवरच्या दुर्बिणीतून एकच उतार तास-दोन तास बघायचा. आधी काहीच नसतं, मग एक दगड कान हलवतो. सप्टेंबरात नर माद्यांपासून वेगळे राहतात. चार-सहा जणांचं टोळकं असतं. माद्यांकडे ते हिवाळ्याच्या तोंडावर येतात आणि तेव्हा शिंगांच्या टकरी होतात. आजोबा शिंगं वाचायला शिकवायचे. शिंग दरवर्षी वाढतं आणि हिवाळ्यात थांबतं, त्या थांब्याची आडवी खाच उरते. खाचा मोजा, वय कळतं. पण म्हाताऱ्या नरांची टोकं झिजून, खडकावर घासून, टकरीत तुटून बोथट झालेली असतात, आणि टोक म्हणजे त्याच्या लहानपणीची वर्षं. ती वर्षं कापूनच गेलेली असतात. आजोबांना तसाच नर हवा होता. सुबक टोकाच्या तरण्या मेंढ्यांकडे ते ढुंकून बघायचे नाहीत.

बसल्या-बसल्या वादही झाले. मी विचारलं, इतकं प्रेम आहे तर मारता कशाला? ते चिडले नाहीत. म्हणाले, नव्वदच्या दशकात त्यांनी एक कळप खोकताना पाहिला होता. पाळीव मेंढ्यांच्या अंगात एक जंतू असतो, मायकोप्लाझ्मा, त्यानं त्यांचं फारसं बिघडत नाही. तोच रानमेंढ्यांना लागला की न्यूमोनिया होऊन कळपच्या कळप झोपतात, आणि जगलेल्या माद्यांची कोकरंही पुढे वर्षानुवर्षं मरत राहतात. म्हणून चराईचे रस्ते वेगळे ठेवावे लागतात, कळप तपासावे लागतात, नव्या डोंगरात नेऊन सोडावे लागतात. याचा पैसा बऱ्याच अंशी शिकाऱ्यांकडून येतो : परवान्यांच्या फीतून, आणि रायफली नि काडतुसांवरच्या अकरा टक्के करातून, जो १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवला. मला हिशोब पटला, उत्तर पटलं नाही. जो मेंढा वाचवायचा त्याच्या नावानं काडतूस विकायचं, हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही. ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बसायला नकोच." आणि माझ्या डब्यातली दशमी मागितली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी आठवडाभर पुरेल एवढी नेली होती. ती चौथ्या दिवशीच संपली, आणि त्यात माझा वाटा कमी होता.

त्याच चौथ्या दिवशी संधी आली. अडीचशे-तीनशे मीटरवर, आमच्या खाली, बोथट शिंगांचा एक नर आडवा उभा. आजोबा नुकतेच धार चढून आलेले. पालथे झाले, सॅकवर रायफल टेकवली, आणि मला शेजारून त्यांचा खांदा दिसत होता : श्वासाबरोबर वर-खाली, वर-खाली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मेंढा चरत-चरत कड्याआड गेला. त्यांनी खटका लॉक केला. "हात थरथरत होता," म्हणाले, "जखमी झाला असता." सत्तावीस वर्षं आणि दोन मिनिटं. कुणाला काय बोलावं सुचेना. खेचरवाला तळावर परतल्यावर खेचरांनाच खूप वेळ शिव्या देत होता.

त्या रात्री बर्फ पडलं. पाचवा दिवस तंबूत. कुणीतरी परत जायचा विषय काढेल असं मला वाटत होतं आणि, खोटं कशाला बोलू, कुणीतरी काढावा असंही वाटत होतं.

सहाव्या दिवशी घारीच्या डोळ्यांच्या सहकाऱ्यानं तोच नर शोधला, बर्फामुळे खाली उतरून आलेला, झाडांच्या जरा वर. यावेळी आम्ही त्याच्या वरच होतो आणि खाली उतरायचं होतं. बदललेल्या खुब्याला उतार चढापेक्षा वाईट. चारशे मीटर उतरायला सव्वा तास लागला. शेवटचा टप्पा ते बसून घसरत गेले. मग पंधरा मिनिटं नुसते पडून राहिले, श्वास खाली बसेपर्यंत. अंतर दीडशे मीटरच्या आसपास. त्यांची जुनी .२७० कॅलिबरची रायफल होती. मी दुसरीकडे बघितलं. आवाज झाला, डोंगरावर आपटून परत आला. तोंडातून "विठ्ठल विठ्ठल" निघालं, ते कुणासाठी हे मला माहीत नाही. वाईट वाटलं. आजही वाटतं.

वर पाहिलं तेव्हा आजोबा मेंढ्याशेजारी गुडघ्यावर होते आणि शिंगावर बोट ठेवून खाचा मोजत होते. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे चुकत होते, पण म्हणाले चष्म्यावर बर्फ आहे.

पुढचं काम माझं. खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं इथे कायद्यानं गुन्हा आहे, सगळं खाली आणावं लागतं. त्या तिघांनी सुऱ्या चालवल्या, मी तंबू आवरला, बर्फ वितळवून पाणी केलं, आणि नंतर माझ्या सॅकवर डोकं आणि शिंगं बांधली गेली. वीस-बावीस किलो असावीत. मांस तुझ्या पाठीवर नको, असं भाचीनं ठरवलं होतं. तिनं मला विचारलं नव्हतं आणि मी आभारही मानले नाहीत, पण लक्षात आहे. लांबून कुणाला जिवंत मेंढा वाटू नये म्हणून शिंगांना नारिंगी फडकं गुंडाळलं होतं. वाट वळली की एक शिंग माझ्या कानाला लागायचं. आजोबांनी हट्टानं स्वतःच्या पाठीवर तीनेक किलो मांस घेतलं. खेचरांपर्यंत आम्ही अंधारात पोचलो. त्या उतारावर नाडी कुणाचीच सुटली नाही. सगळे सरळ थांबत होतो.

शिकारीनंतर ठराविक दिवसांत शिंगं वन्यजीव खात्याकडे नेऊन दाखवावी लागतात. अधिकाऱ्यानं मापं घेतली, शिंगाला बारीक भोक पाडून नंबराची खूण बसवली, आणि वय लिहिलं : नऊ. आजोबा म्हणाले, दहा. अधिकारी म्हणाला, टोक झिजलंय, पहिली खाच दिसत नाही, मला दिसेल तेवढंच लिहिता येतं. आजोबा म्हणाले, दिसत नाही म्हणजे ते वर्ष तो जगला नाही असं आहे का? अधिकाऱ्यानं नऊच लिहिलं.

ती शिंगं त्यांच्या बैठकीत टीव्हीशेजारी जमिनीवर आहेत. भिंतीत खिळा ठोकायचं राहूनच गेलं. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत आणि दृष्टी बरीच अधू झाली आहे. मी गेलो की माझं बोट धरून शिंगावर ठेवतात आणि मोजायला सांगतात. मागच्या रविवारी मोजले. नऊ भरले. मी दहा सांगितले.