शुगर, गोळी आणि एकादशीची खिचडी

शुगर निघाली की घरोघरी पहिला प्रश्न एकच, गोळी कधी सुटणार? आईला शुगर निघून बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून जो येतो तो काहीतरी सांगून जातो, कोणी मेथीदाणे, कोणी कारल्याचा रस, कोणी जांभळाच्या बियांची पावडर, आणि शेवटी ठरलेलं, "हे घ्या, गोळी सुटेल बघा." मला याचा मनापासून राग येतो. कारण त्याने आईच्या डोक्यात बसलंय की गोळी घ्यावी लागते म्हणजे आपलंच पथ्य कमी पडतंय. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली तेव्हा ती घरी येऊन रडली होती.

पण तसं नसतं हो. टाइप टू डायबेटिसमध्ये, म्हणजे बहुतेकांना असते त्या शुगरच्या आजारात, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच वर्षानुवर्षं थकत जातात. ब्रिटनमध्ये १९७७ ला यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, नुकतीच शुगर निघालेले ५००० च्या वर पेशंट, १९९८ ला मुख्य निकाल आले. शुगर नीट कंट्रोलमध्ये ठेवली तर डोळे आणि किडनीचं नुकसान कमी होतं हे त्यात दिसलं, आणि हेही दिसलं की नऊ वर्षांनी बहुतेकांचं एका औषधावर भागत नाही. म्हणजे गोळी वाढणं हा आजाराचा स्वभाव आहे, त्यात आईचा काय दोष?

गोळी कधीच सुटत नाही असंही मी म्हणत नाही. २०१७ च्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात वजन चांगलं उतरवून जवळजवळ निम्म्या लोकांची शुगर वर्षभरात औषधाशिवाय डायबेटिसच्या पातळीखाली आली होती. पण ते सगळे सहा वर्षांच्या आत शुगर निघालेले, इन्सुलिनवर नसलेले, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मनाने गोळी बंद करून कारल्याचा रस पिणं आणि हे, यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

खाण्याचं म्हणाल तर नाशकात राहून मिसळ सोडा म्हणणं अवघडच, आणि मला वाटतं गरजही नाही. आम्ही घरी ग्लुकोमीटर घेतला आणि जेवणानंतर दोन तासांनी बघायला लागलो. दोन पाव आणि वर जिलेबी असली की आकडा अडीचशेच्या आसपास, तीच मिसळ मटकी जास्त घेऊन, पावाऐवजी अर्ध्या ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली तर बराच खाली. कागदावरच्या डाएट चार्टने आईला जे पटलं नव्हतं ते त्या आकड्याने पटलं. पण भाकरीचं पण माप पाहिजे, नागलीची असो की बाजरीची, शुगरला चालते म्हणून तीन भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच.

सगळ्यात जास्त जपायचे ते उपवासाचे दिवस. आईची एक गोळी ग्लिमेपिराइड आहे, ही पेशींना ढकलून इन्सुलिन बाहेर काढते, पोटात अन्न असो नसो. आषाढी एकादशीला तिने सवयीने सकाळी गोळी घेतली, नुसता चहा घेतला आणि काळाराम मंदिरात दर्शनाच्या रांगेत उभी राहिली. हात थरथरायला लागले, ब्लाउज घामाने ओला, बोलणं तुटक. पर्समध्ये मीटर होता म्हणून कळलं, शुगर ५८, म्हणजे फारच खाली. तिथेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, मग वर आली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन तीच शुगर पार वर गेली, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, बटाटा वेगळाच!

आता एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारूनच गोळीचं ठरतं, आणि फराळाला राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, काकडी, ताक. भगर थोडीच, कारण तीही शेवटी धान्यासारखीच चढते. उपवास सोड असं मी तिला कधी म्हणणार नाही, तिचा विठोबा आहे तो.

आणि मेटफॉर्मिनवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. ही गोळी जुनी, स्वस्त आणि चांगली आहे, पण वर्षानुवर्षं घेतली की बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, त्यात आपल्याकडे बरेच जण शाकाहारी. पायाला मुंग्या आल्या की आपण शुगरचंच म्हणून सोडून देतो, आईचंही तसंच चाललं होतं, तपासलं तर बी ट्वेल्व्ह खूप खाली. तुमच्या घरी कोणी बरीच वर्षं मेटफॉर्मिनवर असेल तर पुढच्या वेळी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, करताना डॉक्टरांना विचारून ही टेस्ट पण सोबत करून घ्या, आणि त्यासाठी गोळी मात्र परस्पर थांबवू नका.